रीफ टँकमधल्या रॉकची फेरमांडणी: रॉक एका दिवसात, कोरल सवडीने

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायचा टँक. असा पहिला टँक लावताना बहुतेक जण त्यातले रॉक, म्हणजे सच्छिद्र दगड, भिंतीसारखे रचतात. मागच्या काचेला टेकवून, तळापासून वरपर्यंत, दगडावर दगड. पहिलं वर्षभर ते भरगच्च आणि छान दिसतं. मग भिंतीच्या मागे हात जात नाही आणि तिथे घाण साचायला लागते. कितीही पाणी बदला, नायट्रेट खाली येत नाही. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप हे झपाट्याने पसरणारे मऊ कोरल रांगत रांगत सगळ्यांच्या अंगावर चढतात. वरचे कोरल वाढून पाण्याच्या पृष्ठभागाला टेकतात, खालचे त्यांच्या सावलीत फिके पडतात. असं झालं की कोरल इकडून तिकडे सरकवून भागत नाही, सगळी मांडणीच नव्याने करावी लागते.

या कामात मी एक सूत्र पाळतो. रॉक हलवायचे ते सगळे एकाच दिवशी, आणि कोरल कायमच्या जागी लावायचे ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत. बरेच जण याच्या बरोब्बर उलट करतात. दर रविवारी दोन-दोन रॉक सरकवतात आणि त्याच दिवशी कोरल ग्लूने पक्के करून टाकतात. रॉक हलला की तळातली घाण उठते आणि माशांचे अड्डे मोडतात. तो धक्का टँकला दर आठवड्याला देण्यापेक्षा एकदाच दिलेला बरा. कोरलचं वेगळं आहे. नव्या मांडणीत पाण्याचा प्रवाह कुठून कसा वळतो आणि प्रकाश कुठे किती पडतो, हे पाणी भरून दोन-चार दिवस बघितल्याशिवाय कळत नाही. ते कळायच्या आत चिकटवलेला कोरल पुन्हा उपटायची वेळ हमखास येते.

आधी ठरवा, गरज आहे का

टँक सहा महिन्यांच्या आतला असेल तर थांबा, अजून जिवाणूंची घडी बसलेली नसते. माशांवर पांढरे ठिपके दिसत असतील, नवीन मासा येऊन दोनच आठवडे झाले असतील किंवा अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) रोज वरखाली होत असेल, तर आधी ते निस्तरा. एखादाच रॉक डुगडुगत असेल तर तेवढाच पक्का करा, त्यासाठी अख्खा टँक उपसायला नको.

दुसरीकडे, एखादा डॅमसेल किंवा वयस्क क्लाउनफिश सगळ्या टँकवर दादागिरी करत असेल, तर फेरमांडणी हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मासा जागेला चिकटून भांडतो. जागाच बदलली की सगळे पुन्हा एका पायरीवर येतात. नवीन मासा आणायचा असेल तर तो मांडणी बदलल्यावर, पाणी स्थिर झालं की लगेचच्या दिवसांत सोडावा.

हवामान, वीज आणि पाणी

ठाणे-नवी मुंबईत या कामाला डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. कोरल आणि मासे टबमध्ये चार-पाच तास राहणार असतात आणि टबला चिलर नसतो. थंडीत खोलीतलं पाणी सहज २४ ते २६ अंशांवर राहतं. मे महिन्यात तेच पाणी बघता बघता ३० अंशांच्या पुढे जातं, आणि गरम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुळात कमी असतो. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर ज्या खोलीत एसी आहे तिथेच टब मांडा. पावसाळ्यात पाण्यावर पंखा लावून गारवा मिळेल या भरवशावर राहू नका. हवेतच एवढी आर्द्रता असते की बाष्पीभवन फारसं होत नाही.

महावितरणचा देखभालीच्या शटडाउनचा मेसेज आला असेल तर तो दिवस सोडा. पाण्याचंही तसंच. ठाण्यात चोवीस तासांची पाणीकपात अधूनमधून असते, नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचं पाणी असलं तरी सोसायटीची टाकी धुवायला काढली की नळ कोरडाच. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन ते चार लिटर पाणी सांडपाण्यात सोडतो. १०० लिटर आरओ पाणी हवं तर चार-पाचशे लिटर नळाचं पाणी लागेल असं धरून चाला. हे एका दिवसात होत नाही, तीन-चार दिवस आधीपासून थोडं थोडं साठवावं. सांडपाण्याची नळी बादलीत सोडली तर ते पाणी लादी पुसायला आणि बाथरूम धुवायला कामी येतं.

खाडी जवळ आहे म्हणून तिथलं पाणी आणायचा विचार कुणी मनातही आणू नये. ठाणे खाडी फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्रही आहे, पण ते पाणी गाळाचं आहे आणि पावसात त्याची क्षारता पार खाली येते. घरच्या टँकला सॉल्ट मिक्सच (टँकसाठी मिळणारं तयार मीठ) वापरा.

कागदावर नाही, जमिनीवर आराखडा

टँकच्या तळाची आतली मापं घ्या आणि वर्तमानपत्रं जोडून तेवढाच आयत हॉलच्या लादीवर अंथरा. चार फुटी टँकला हे माप १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. आता चारही बाजूंनी आत ८ ते १० सेंटिमीटरवर मार्करने रेघ मारा. या रेघेच्या बाहेर एकही रॉक जाता कामा नये. काच घासायचा मॅग्नेट, तुमचा हात आणि पाणी, तिघांनाही तेवढी वाट लागते. मागची बाजू दिसत नाही म्हणून तिथे चालढकल होते, आणि घाण साचते ती नेमकी तिथेच.

नंतर वेव्हमेकर (प्रवाह तयार करणारे पंप) कुठे आहेत ते कागदावर मांडा आणि पाणी कुठून येऊन कुठे आपटेल ते बाणांनी काढा. माझ्या मते मांडणीचा निम्मा विचार इथेच होतो. एकच अखंड भिंत केली की पाणी समोरच्या बाजूला गोल फिरत राहतं आणि मागे साचून राहतं. दोन वेगळी बेटं केली, एक मोठं आणि उंच, दुसरं लहान आणि ठेंगणं, मध्ये हातभर मोकळी वाळू, तर पाणी दोन्हींच्या भोवती वळसा घेतं. बेटाच्या पायथ्यालाही बोगदे ठेवा. त्यातून पाणी जातं आणि माशांना रात्री लपायला जागा मिळते. दोन्ही बेटं सारख्या उंचीची करू नका आणि मोठं बेट बरोबर मधोमध ठेवू नका, डोळ्याला ते लगेच कृत्रिम वाटतं.

वरची उंचीही मोजा. रॉकचं टोक पाण्याच्या पातळीपासून निदान १५ सेंटिमीटर खाली हवं. आज त्यावर ठेवलेला चार सेंटिमीटरचा लेदर (एक मऊ कोरल) दोन वर्षांत ताटाएवढा होतो, त्याची जागा आत्ताच सोडायची.

रॉक टँकमध्ये असताना हे सगळं कसं जमवायचं? थर्मोकोलचे तुकडे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल चाकूने साधारण आपल्या रॉकच्या आकारात कापा, कागदावर रचा, चारी बाजूंनी फोटो काढा. नंतर हात पाण्यात असताना हेच फोटो समोर लागतात. थर्मोकोलचा चुरा मात्र टँकजवळ येऊ देऊ नका.

रॉक वाढवायचे असतील तर आधी वजनाचा विचार करा. १२० बाय ४५ बाय ५० सेंटिमीटरच्या टँकमध्ये २७० लिटर पाणी मावतं. काच, स्टँड, सम्प (टँकखालची गाळणीची टाकी) आणि रॉक धरून एकूण वजन चारशे किलोच्या वर जातं. सिडकोच्या जुन्या इमारतीत किंवा नौपाड्यातल्या जुन्या चाळीवजा घरात टँक असेल तर तो भिंतीलगत, खालच्या बीमवर आहे ना, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारा.

नवीन रॉक आणि कोरल घेताना कायदा

हे मी पोटतिडकीने सांगतो. आपल्या समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्री पंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा मेलेला सांगाडाही 'लाइव्ह रॉक' (जिवाणू वसलेला जिवंत रॉक) म्हणून घ्यायचा नाही. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांच्या व्यापारावर साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, त्यामुळे आयातीची कागदपत्रं बघितल्याशिवाय हात लावू नका. क्रॉफर्ड मार्केटला जा नाहीतर घराजवळच्या दुकानात, हा प्रश्न दुकानदाराला विचारलाच पाहिजे. रॉकसाठी सिमेंट आणि अ‍ॅरागोनाइटचे बनवलेले किंवा ड्राय रॉक (कोरडे, निर्जीव रॉक) उत्तम. कोरलसाठी दुसऱ्या हौशीच्या टँकमध्ये वाढलेले मश्रूम, झोआ आणि लेदर या कोरलचे फ्रॅग (छाटलेले छोटे तुकडे) घ्या.

आपल्या दारातल्या समुद्रातही प्रवाळ आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरच्या १८ प्रवाळ-वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. समुद्रातल्या अठरा वसाहती हलवायला जिथे एवढा खटाटोप करतात, तिथे आपण घरातल्या टँकसाठी एक आठवडा तयारी करायला काय हरकत आहे!

आदल्या आठवड्याची तयारी

टँकचं पाणी तपासून आकडे लिहून ठेवा: क्षारता, तापमान, अल्कॅलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ ते २६ अंश आणि अल्कॅलिनिटी ८ ते ९ डीकेएचच्या (अल्कॅलिनिटी मोजायचं एकक) जवळ असली की काम सुरू करायला हरकत नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेल्या आरओ-डीआय (आरओनंतर आणखी एका गाळणीतून शुद्ध केलेल्या) पाण्यात टँकच्या ३० ते ४० टक्के नवीन खारं पाणी आदल्या दिवशीच बनवून पंप आणि हीटर लावून फिरत ठेवा. १०० लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो सॉल्ट लागतं. अंतिम खातरजमा रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं उपकरण) करा, पुड्यावरच्या मापावर नको.

इथे एक गोष्ट सहज निसटते. अनेक रीफ सॉल्टचं ताजं पाणी ११-१२ डीकेएचवर येतं आणि तुमचा टँक ८ वर असतो. एकदम चाळीस टक्के पाणी बदललं की कोरलला तो झटका बसतो. नवीन आणि जुन्या पाण्याच्या अल्कॅलिनिटीत एकाहून जास्त डीकेएचचा फरक पडणार नाही असं सॉल्ट निवडा, किंवा नवीन पाणी कमी वापरा.

टब तीन हवेत: एक कोरलला, एक रॉकला, एक माशांना. पूर्वी साबण किंवा फिनेल न लागलेले, खाद्यपदार्थाला चालणाऱ्या प्लास्टिकचे. माशांच्या टबला झाकण हवंच, रास आणि फायरफिश हे मासे फुटाफुटाने उडी मारतात. तिन्हीत एअरस्टोन. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असू द्या. शिवाय घट्ट जेलच्या रूपातला सुपरग्लू, टँकसाठीची इपॉक्सी पुटी, ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, अमोनियाचं टेस्ट किट, अमोनिया निष्प्रभ करणारं कंडिशनर आणि भरपूर जुने टॉवेल. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका.

हातमोजे आणि मेन स्विच

झोआ आणि त्याचाच भाऊबंद पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी ते एक आहे. कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातल्याशिवाय काम सुरू करू नका, हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर अजिबातच नाही. झोआ असलेला रॉक गरम पाण्यात घालणं, उकळणं, कोरडा करून ब्रशने घासणं किंवा प्रेशरने धुणं पूर्ण वर्ज्य. त्या वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं आणि घरातले सगळे एकदम आजारी पडू शकतात. काम चालू असताना लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. हातमोज्यांचा दुसरा उपयोग म्हणजे ब्रिसल वर्मचे केसासारखे काटे बोटांत घुसत नाहीत.

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. टँकच्या लाइनवर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर) आहे ना, बघा. हात घालण्यापूर्वी हीटर, पंप, वेव्हमेकर, लाइट सगळ्यांचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हीटर तर पाणी उपसायच्या पंधरा मिनिटं आधी बंद करा, गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याची काच तडकते.

प्रत्यक्ष दिवस

चार फुटी टँकला दोन माणसांना पाच-सहा तास लागतात. सकाळी लवकर, टँकचे लाइट लागायच्या आधी सुरू करा.

पहिलं काम पाणी काढायचं, आणि तेही काहीही हलवायच्या आधी. तळ ढवळला गेला की पाणी गढूळ होतं आणि मग साठवण्यासारखं स्वच्छ पाणी उरत नाही. वरचं निम्मं पाणी सायफनने तिन्ही टबमध्ये घ्या. सुटे फ्रॅग आणि छोट्या रॉकवरचे कोरल आधी कोरलच्या टबमध्ये जातील. उचलण्यापूर्वी हळूच बोट लावून त्यांना मिटू द्या. फुगलेला कोरल तसाच पाण्याबाहेर काढला तर स्वतःच्याच वजनाने त्याचं मांस फाटतं. मांसल कोरल असेल तर डबा पाण्यात बुडवून, पाण्यासकटच उचला. स्पंज मात्र पाण्याबाहेर काढूच नका, त्याच्या छिद्रांत हवा अडकते आणि आतला भाग मरतो.

आता मोठे रॉक, वरून खाली या क्रमाने. पाण्यात हलका वाटलेला रॉक बाहेर येताच चांगलाच जड होतो, म्हणून दोन्ही हात खालून घाला आणि दुसऱ्या माणसाने टब अगदी शेजारी धरावा. रॉक टबवर दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा. आत लपलेले गोबी, पिस्टल श्रिंप, खेकडे निथळणाऱ्या पाण्याबरोबर खाली पडतात. मग जुन्या टँकच्याच पाण्याच्या बादलीत रॉक दोन-तीनदा जोरात हिसळा. निघणारी घाण पाहून हे काम किती गरजेचं होतं ते कळतं. नळाखाली धुवायचं नाही, क्लोरीनने रॉकमधले जिवाणू मरतात आणि संध्याकाळपर्यंत अमोनिया वर येतो.

अ‍ॅनिमोन रॉकला चिकटलेला असेल तर त्याला सोडवू नका, त्या रॉकसकटच हलवा. एप्टेशिया (त्याच जातकुळीचा छोटा उपद्रवी जीव) दिसला तर खरवडू नका, प्रत्येक तुकड्यातून नवीन उगवतो. रॉक बाहेर असतानाच त्यावर काल्कवासरची (टँकसाठीच्या चुन्याची) घट्ट पेस्ट लावा आणि काही मिनिटांनी जुन्या पाण्यात धुऊन टाका.

मासे सर्वांत शेवटी. रॉक निघाले आणि पाणी एक तृतीयांश उरलं की ते दोन जाळ्यांनी विनासायास हाती लागतात. रॉक असताना त्यांच्यामागे जाळं घेऊन धावण्यात मासा आणि माणूस दोघेही दमतात.

वाळूच्या बाबतीत धीराने घ्या. वरच्या बोटभर थरातली घाण सायफनने ओढा. खालचा काळपट, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर अजिबात उकरू नका, त्यातला हायड्रोजन सल्फाइड माशांना मारक असतो. तो काढायचाच असेल तर मासे आणि कोरल बाहेर असताना तेवढा भाग अलगद उचलून पूर्ण टाकून द्या.

मग पायाचे रॉक. जिथे रॉक बसणार तिथली वाळू बाजूला सारून ते थेट तळाच्या काचेवर किंवा प्लास्टिकच्या जाळीवर टेकवा, वाळू नंतर भोवती ओढा. वाळूवर उभा केलेला रॉक गोबी किंवा रासने खालून उकरला की कधीतरी कोसळतो, आणि काच फुटली तर अडीचशे लिटर पाणी खालच्या मजल्यावर. प्रत्येक रॉक तीन ठिकाणी टेकला पाहिजे. तळहाताने वरून दाबा, चारही दिशांना हलवून बघा. किंचितही हलला तर पुन्हा बसवा.

दोन रॉकचा जोड

नुसता सुपरग्लू लावून दोन खडबडीत रॉक जुळत नाहीत. जुळवायच्या जागा टॉवेलने टिपून घ्या. दोन्ही रॉक हातात फिरवत सर्वांत जास्त बिंदूंवर एकमेकांना टेकतात ती स्थिती शोधा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. जेल ग्लू खुणेवर भरपूर घाला, दाबून धरा आणि सांध्याच्या फटीत कोरडी बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू टाका. त्यावर पातळ ग्लूचे थेंब सोडा. वाळूला ग्लू लागताच ती चुरचुरते, थोडी वाफ येते आणि काही सेकंदांत दगड बनते. वाळू, थेंब, पुन्हा वाळू, असं तीन-चार वेळा सांध्याच्या सगळ्या बाजूंनी करा. वाफ नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी हवी. हा जोड एका हाताने उचलता येईल इतका पक्का होतो. कमानी आणि बाहेर झुकणारे कट्टे करायला इतकी सोपी पद्धत दुसरी नाही. जिवंत रॉकला हे करताना तो ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त सांध्याची जागा उघडी ठेवा. मोठ्या कमानीला आतून अ‍ॅक्रिलिकचा रॉड घाला.

इपॉक्सी पुटी पाण्याखालीही चालते, पण तिची पकड ग्लूएवढी नसते. तिचा उपयोग बैठक बनवण्यापुरता करा. ती वापरल्यावर दोन दिवस स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) भरभरून फेस काढतो. कप सैल करून ठेवा, घाबरायचं कारण नाही.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनियासाठी एक स्वतंत्र रॉक ठेवा, वाळूत, मुख्य बेटांपासून दूर, कुठेही न टेकणारा. वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतासारखं ते फार देखणं दिसतं, पण मुख्य रॉकवर एकदा चढलं की पुढच्या फेरमांडणीपर्यंत निघत नाही.

पाणी भरणं आणि पहिले तीन दिवस

टबमधलं स्वच्छ जुनं पाणी आधी, नवीन पाणी नंतर. रॉकवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा म्हणजे वाळू उडत नाही. पाण्याखाली गेलेले रॉक हळूच थोडे तिरके करा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्या. क्षारता आणि तापमान टबशी जुळल्यावरच मासे सोडा. स्किमर, पंप, वेव्हमेकर सुरू करा, सम्पमध्ये ताजा कार्बन टाका. दुखावलेले लेदर आणि मश्रूम पाण्यात रसायनं सोडतात, ती कार्बन शोषून घेतो. पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत धूसर राहील.

अमोनिया २४, ४८ आणि ७२ तासांनी तपासा. ०.२५ पीपीएम किंवा वर दिसला तर कंडिशनर टाका आणि वीस टक्के पाणी बदला. तीन दिवस माशांना नेहमीच्या निम्मं खाणं. लाइटची तीव्रता पहिल्याच दिवशी ३० ते ४० टक्क्यांनी खाली आणा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच टक्के वाढवत पूर्वपदावर न्या. सावलीत वाढलेला कोरल नव्या मांडणीत अचानक उजेडात आला की अंगातली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उजेडातून सावलीत गेलेला नुसता तपकिरी होतो, त्याला वेळ असतो.

आता कोरल, सवडीने

तोवर सुटे कोरल वाळूत किंवा प्लास्टिकच्या फ्रॅग रॅकवर, खालच्या उजेडात. तीन-चार दिवस टँकसमोर बसून पाणी बघा. बेस्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) रॉकवर थोडी घाण उडवा आणि ती कुठे जाऊन बसते ते पाहा. जिथे बसते तिथे प्रवाह कमी आहे. वेव्हमेकर आधी तिथे वळवा, आणि तरीही बसत असेल तर ती जागा कोरलला देऊ नका.

मग आठवड्याला दोन-तीनच कोरल लावा. मश्रूम खाली, ५० ते १०० पारच्या (पार म्हणजे कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) उजेडात आणि शांत पाण्यात. झोआ मधल्या पट्ट्यात. लेदर वर, मोकळ्या प्रवाहात. कायदेशीर कागदपत्रांचे मांसल कठीण कोरल असतील तर ७५ ते १५० पारच्या जागी. शेजाऱ्यांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर राखा. टॉर्च कोरल आणि गॅलेक्सिया कोरल यांच्या लांब दंशशुंडा रात्री बाहेर पडतात, त्यांच्याभोवती १५ सेंटिमीटरहून जास्त जागा सोडा. रात्री लाइट गेल्यावर तासाभराने हातातल्या विजेरीच्या लाल उजेडात बघितलं तर कोण कुणापर्यंत पोहोचतंय ते स्पष्ट दिसतं.

लेदर हलवल्यावर मिटतो, चकचकीत होतो आणि त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा धरतो. वाशीतल्या एका मित्राने असा मिटलेला लेदर मेला समजून बाहेर काढायची तयारी केली होती. हात लावला तर घट्ट आणि रबरासारखा लागला, वासही नव्हता. मेलेला लेदर मऊ पडतो, झिरपतो आणि दुर्गंधी सुटते. वेव्हमेकर जरा त्याच्या दिशेने वळवला, आणि आठवड्याभरात तो पापुद्रा कडेपासून सुटून सालासारखा निघाला. खाली ताजे पॉलिप (कोरलची फुलासारखी छोटी तोंडं) उघडलेले होते. लेदर काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत असा बसू शकतो. त्या काळात त्याची जागा बदलू नका.

मश्रूमला ग्लू लागत नाही, त्याच्या अंगावरचा चिकट स्राव ग्लूला निसटवून टाकतो. प्लास्टिकच्या छोट्या वाटीत रॉकचे बारीक तुकडे पसरा, त्यावर सुटा मश्रूम ठेवा, वरून लग्नाच्या पिशव्यांची असते तशी बारीक जाळी ताणून रबर लावा आणि वाटी संथ पाण्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत तो एखाद्या तुकड्याला स्वतःच धरतो. मग तो तुकडा ग्लूने हव्या त्या जागी बसवा. झोआ बसवताना मांसाला नाही, खालच्या प्लगला (फ्रॅग बसवलेल्या चकतीला) ग्लू लावा. प्लगवर ग्लूचा गोळा घेऊन पाण्यात न्या आणि रॉकवर दाबून गोल फिरवा. वरची साय फुटली की पकड येते.

लावलेला कोरल दिवसभर एकाच बाजूला वाकलेला राहिला तर थेट झोत लागतोय. पॉलिपवर घाण बसत असेल तर प्रवाह कमी आहे. मिटलेला आहे पण रंग टिकून आहे, तर आठवडाभर वाट बघा. टोकाकडून मांस सुटून पांढरा सांगाडा दिसला तर मात्र त्याच दिवशी कमी उजेडाच्या, शांत जागी हलवा आणि अल्कॅलिनिटी तपासा.

नवीन वाळू घातली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यावर तपकिरी धूळ दिसेल. ती डायटम शैवालं असतात, आपोआप ओसरतात. महिनाभर अल्कॅलिनिटी एक दिवसाआड तपासून वहीत लिहा. बरे होऊन वाढीला लागलेले कोरल जास्त खनिजं ओढतात आणि जुना डोस कमी पडायला लागतो. दीड महिन्यानंतर कार्बनचा नेहमीचा क्रम सुरू ठेवून कात्रीला हात घाला. पुढच्या कोरलच्या अंगावर जाऊ पाहणारा लेदर, काठाबाहेर सांडणारे झोआ छाटून त्यांचे फ्रॅग करा आणि नव्याने टँक लावलेल्या ओळखीच्या हौशीला द्या, म्हणजे त्याला समुद्रातून काढलेला माल घ्यावा लागणार नाही.